‘जर्मन वकील व जिल्हाधिकारी’: लांडराटचा जीवनक्रम कसा उलगडावा

‘जर्मन वकील व जिल्हाधिकारी’ अशी ओळख लावलेल्या माणसाची नोंद मराठीत आणायची असेल, तर त्या चार शब्दांत दोन चुका आधीच होऊन बसलेल्या असतात. मूळ जर्मनमध्ये तिथे बहुधा ‘युरिस्ट’ आणि ‘लांडराट’ असतं. युरिस्ट म्हणजे वकील नव्हे आणि लांडराट (‘क्राइस’ नावाच्या तालुक्याएवढ्या भागाचा प्रमुख) म्हणजे आपला कलेक्टर नव्हे. ज्या मधल्या भाषेतून ती नोंद आपल्यापर्यंत येते तिने दोन्ही शब्द सपाट केले आणि ती सपाटी आपल्याकडे आली. मग मराठी वाचकाला वाटतं, गृहस्थांनी काही वर्षं कोर्टात काळा कोट घातला, वकिली चालेना म्हणून सरकारी नोकरी धरली. प्रत्यक्षात यातल्या बहुतेकांनी अशिलाची फी कधी घेतलेली नसते.

(उच्चाराचं एकदाच सांगून टाकू. लिहिताना ‘ड’ असला तरी जर्मन माणूस ‘लांट्राट’ म्हणतो. मराठीत ‘लांडराट’ रुळवायला हरकत नाही, फक्त एका लेखात एकच रूप ठेवा.)

आधी ‘युरिस्ट’ सोडवा

युरिस्ट म्हणजे कायदा शिकून सरकारी परीक्षा दिलेला माणूस. तो न्यायाधीश असेल, सरकारी वकील असेल, विमा कंपनीत असेल, मंत्रालयात असेल. अशिलाची बाजू मांडणाऱ्या वकिलाला जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘रेख्ट्सआनवाल्ट’. म्हणून पहिली पायरी सरळ आहे: मूळ मजकुरात ‘रेख्ट्सआनवाल्ट’ किंवा वकिलीची सनद मिळाल्याची तारीख सापडते का ते बघा. नसेल तर ‘वकील’ लिहू नका. ‘कायदा शिकलेले प्रशासक’ किंवा ‘विधिज्ञ’ चालेल.

हा किस काढण्याचं कारण असं की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रशियात (जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात) वरच्या प्रशासकीय नोकरीचं दारच कायद्याच्या परीक्षेतून उघडत होतं. आपल्याकडे स्पर्धा परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो. तिथे तसं नव्हतं. त्यामुळे ‘वकिलीकडून प्रशासनाकडे वळले’ हे वाक्य लिहिण्याआधी दोनदा विचार करा. वळण नसतंच, रस्ता सरळ असतो.

‘डॉक्टर’ या उपाधीचंही तसंच. नावामागे ‘डॉ. युर.’ असेल तर ती विद्यापीठाची पदवी. नोकरीसाठी ती लागत नव्हती. नोकरीला लागायच्या त्या सरकारी परीक्षा, आणि त्या विद्यापीठाच्या नव्हत्या. ‘अमुक विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली’ असं ठोकून देण्याऐवजी ‘अमुक विद्यापीठांत कायदा शिकले’ म्हणा. एकाच माणसाच्या नोंदीत दोन-तीन विद्यापीठं दिसतील. विद्यार्थी सत्रागणिक विद्यापीठ बदलत, त्यात काही भानगड नाही. बॉनचं ‘बोरुसिया’ किंवा हायडेलबर्गचं ‘साक्सो-बोरुसिया’ अशी नावं दिसली तर ती विद्यार्थी संघटनांची, म्हणजे ‘कोर’ची आहेत, कॉलेजांची नव्हेत. त्यांच्या सभासद-याद्या छापील मिळतात आणि जन्मतारीख पडताळायला उपयोगी पडतात.

परीक्षांची शिडी कोणत्या सालची, ते ठरवा

इथे घाई केली की पुढचं सगळं गणित चुकतं, कारण एकाच शब्दाचा अर्थ सालाप्रमाणे बदलतो.

१८६९ पूर्वी प्रशियात तीन परीक्षा होत्या. पहिलीनंतर उमेदवार ‘आउस्कुल्टाटोर’, दुसरीनंतर ‘रेफरेंडार’, तिसरीनंतर ‘आसेसोर’, म्हणजे उमेदवारी पूर्ण झालेला अधिकारी. १८६९ च्या कायद्याने परीक्षा दोन झाल्या: पहिलीनंतर रेफरेंडार, दुसरीनंतर आसेसोर. म्हणजे १८६० चा रेफरेंडार शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा आहे आणि १८८० चा पहिल्या. दोघांनाही मराठीत ‘प्रशिक्षणार्थी अधिकारी’ म्हणता येईल, पण ‘नुकतेच उत्तीर्ण झालेले’ फक्त १८८० च्या माणसाला.

प्रशासनात जाणाऱ्यांसाठी ११ मार्च १८७९ चा कायदा महत्त्वाचा. किमान तीन वर्षांचं शिक्षण, पहिली परीक्षा, मग किमान दोन वर्षं न्यायालयात, किमान दोन वर्षं प्रशासनात, आणि शेवटी बर्लिनला मोठी परीक्षा. न्यायालयातला उमेदवार तो ‘गेरिख्ट्सरेफरेंडार’ आणि प्रशासनातला तो ‘रेगीरुंग्सरेफरेंडार’. नोंदीत पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी दिसली, की त्या वर्षी माणसाने न्यायखातं सोडून प्रशासन धरलं असं समजा. चरित्रातलं खरं वळण कुठे असलंच, तर ते इथे असतं, आणि नेमकं हेच वर्ष संक्षेप करताना गाळलं जातं.

वयाचा हिशोब करून बघा. शाळा संपते एकोणीस-विसाव्या वर्षी, मग विद्यापीठ, एक वर्षाची ऐच्छिक लष्करी सेवा, चार वर्षांची उमेदवारी, परीक्षेची वाट बघण्यात गेलेले महिने. सत्ताविसाच्या आसपास आसेसोर, तिशी-पस्तिशीत लांडराट. एखादी नोंद तेविसाव्या वर्षी आसेसोर सांगत असेल तर साल चुकलंय किंवा बाप-लेकांची गल्लत झालीय. आणि ही सगळी उमेदवारी बिनपगारी होती. घरचं उत्पन्न नसलेला मुलगा या वाटेला जाऊच शकत नव्हता. लांडराटांच्या यादीत जमीनदार घराण्यांची तीच तीच आडनावं का येतात, याचं अर्धं उत्तर त्या बिनपगारी वर्षांत आहे.

उरलेलं अर्धं उत्तर नेमणुकीच्या रीतीत. जुन्या प्रांतांत क्राइसमधले जमीनदार आपल्यातलीच नावं सुचवत आणि राजा नेमणूक करी. १३ डिसेंबर १८७२ च्या क्राइस-कायद्याने पूर्वेकडच्या प्रांतांत (पोझेन वगळून) रचना बदलली. नाव सुचवण्याचा हक्क ‘क्राइसटाग’कडे, म्हणजे क्राइसच्या सभेकडे राहिला, नेमणूक राजाचीच. म्हणून १८७२ पूर्वीचा लांडराट कायदा शिकलेला असेलच असं धरू नका. निवृत्त लष्करी अधिकारी आणि मोठ्या वतनाचा मालक असलेला लांडराट सर्रास आढळतो.

क्राइस केवढा होता?

‘जिल्हा’ म्हटलं की आपल्यासमोर पुणे किंवा नाशिक उभं राहतं. ३० एप्रिल १८१५ च्या फर्मानाने प्रशियाचे १० प्रांत आणि २५ ‘रेगीरुंग्सबेत्सिर्क’ (विभाग) झाले, आणि त्यांच्या पोटात क्राइस आखले. एका क्राइसची लोकसंख्या २०,००० ते ३६,००० असावी असा मूळ हेतू होता. गावकऱ्याला मुख्यालयी जाऊन त्याच दिवशी परतता यावं. मापाने हा आपला तालुका झाला. अधिकाराने मात्र लांडराट मामलेदारापेक्षा बराच वरचा: पोलिसांवर देखरेख, सैन्यभरतीच्या मंडळाचं अध्यक्षपद, कर-आकारणी, रस्ते, आणि १८७२ नंतर क्राइसच्या कार्यकारी समितीचंही अध्यक्षपद. एका हाताने राज्याचा हुकूम बजावायचा आणि दुसऱ्या हाताने स्थानिक संस्थेचा कारभार हाकायचा. महाराष्ट्रात १९६२ पासून कलेक्टर आणि जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी असे दोन वेगळे माणूस आहेत. लांडराट या दोघांचं मिश्रण आहे, म्हणून नुसतं ‘जिल्हाधिकारी’ अपुरं पडतं.

वरचे दोन मजलेही नीट लावून घ्या. ‘रेगीरुंग’ या शब्दाचा कोशातला अर्थ ‘सरकार’, आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘रेगीरुंग्सप्रेसिडेंट’चा ‘सरकारचा राष्ट्रपती’ झालेला दिसतो. इथे रेगीरुंग म्हणजे विभागाचं कार्यालय. तेव्हा रेगीरुंग्सप्रेसिडेंट म्हणजे विभागीय आयुक्त, ‘ओबरप्रेसिडेंट’ म्हणजे प्रांताचा प्रमुख, ‘रेगीरुंग्सराट’ ही अधिकाऱ्याची श्रेणी. ‘गेहाइमर रेगीरुंग्सराट’ हा बहुतेक वेळा मानाचा किताब असतो. त्याचा ‘गुप्त सल्लागार’ करून माणसाला हेर बनवू नका.

एक जीवनक्रम सोडवून पाहू

थेओबाल्ड फॉन बेथमान होल्वेग. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनीचे चान्सलर होते ते. जन्म २९ नोव्हेंबर १८५६, होहेनफिनो. स्ट्रासबुर्ग, लाइप्झिश आणि बर्लिन इथे कायद्याचं शिक्षण. १८८६ मध्ये ओबरबार्निम क्राइसचे लांडराट, मुख्यालय फ्रायेनवाल्डे. १८९६ मध्ये पोट्सडामला ओबरप्रेसिडेंटच्या कार्यालयात. १८९९ मध्ये ब्रोमबेर्गचे रेगीरुंग्सप्रेसिडेंट आणि त्याच वर्षी ब्रांडेनबुर्ग प्रांताचे ओबरप्रेसिडेंट. १९०५ मध्ये प्रशियाचे गृहमंत्री, १९०७ मध्ये साम्राज्याच्या गृहखात्याचे प्रमुख, १४ जुलै १९०९ ला चान्सलर.

आता यातून काय काय वाचायचं? शिक्षणानंतर सुटलेलं बाण-सरळ प्रशासन. ‘वकील’ कुठेच नाही. लांडराट झाले तेव्हा वय २९, म्हणजे रिवाजापेक्षा लवकर. का, तर त्यांच्याआधी त्याच क्राइसचे लांडराट त्यांचे वडील फेलिक्स होते. इथेच सापळा आहे: ‘फॉन बेथमान होल्वेग, लांडराट, ओबरबार्निम’ एवढ्यावर थांबलात तर बापाची कामं लेकाच्या नावावर जमा होतील. आडनावाबरोबर पहिलं नाव आणि साल घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिसरं, लांडराटपदावर दहा वर्षं आणि नंतर भराभर बढत्या. ही चाल मोठ्या पदावर गेलेल्यांची. बहुसंख्य लांडराट एकाच क्राइसमध्ये पंधरा-वीस वर्षं काढून तिथूनच निवृत्त होत. ती नोंद ‘अयशस्वी’ समजू नका. अनेकांना क्राइस सोडायचाच नसे, कारण शेती तिथेच होती.

ताडून पाहायला दुसरा माणूस घ्या: वोल्फगांग काप. तेही कायदा शिकलेले, १८९१ पासून गूबेनचे लांडराट, पुढे पूर्व प्रशियातल्या शेतकर्ज संस्थेचे प्रमुख, आणि मार्च १९२० मध्ये प्रजासत्ताक उलथवण्याच्या फसलेल्या उठावाचे म्होरके. पहिली पंधरा वर्षं बेथमान होल्वेगसारखीच दिसतात. पदांच्या यादीवरून माणसाचं राजकारण ओळखता येत नाही.

‘त्सु. डि.’ आणि इतर शेपट्या

नावापुढची दोन अक्षरं कधी कधी आख्ख्या परिच्छेदाइतकं सांगतात. ‘आ. डे.’ म्हणजे सेवेतून बाहेर पडलेला. ‘त्सु. डि.’ म्हणजे ‘त्सुर डिस्पोझिट्सिओन’: काढलेला नाही, पण खुर्चीवरून उठवून ठेवलेला. लांडराट हा ‘राजकीय अधिकारी’ मानला जाई, सरकारला तो नकोसा झाला तर त्याला तात्पुरत्या निवृत्तीवर बसवता येई. सगळ्यात गाजलेला प्रसंग १८९९ चा. कैसरला (जर्मन सम्राटाला) हव्या असलेल्या मिटेललांड कालव्याच्या विधेयकाविरुद्ध प्रशियाच्या विधानसभेत मत दिलं म्हणून २ रेगीरुंग्सप्रेसिडेंट आणि १८ लांडराट घरी बसवले गेले. ‘कालवा-बंडखोर’ असं नावच पडलं त्यांना. तेव्हा १८९९ मध्ये ‘त्सु. डि.’ दिसलं आणि माणूस आमदारही होता, तर तब्येतीचं कारण शोधत बसू नका. पुढे दोन-तीन वर्षांनी तोच माणूस बढतीवर दिसला तरी दचकू नका. बऱ्याच जणांना पुन्हा जागा मिळाल्या.

तारखांमध्ये ‘कोमिसारिश’ हा शब्द लक्षपूर्वक पाहा. आधी प्रभारी नेमणूक, काही महिन्यांनी कायम. एका नोंदीत १८८८ आणि दुसरीत १८८९ असेल तर दोन्ही बरोबर असण्याची शक्यता मोठी. दोन्ही तारखा द्या: ‘१८८८ पासून प्रभारी, १८८९ पासून कायम’. पडताळायचं असेल तर क्राइसचं स्थानिक राजपत्र, ‘क्राइसब्लाट’, काढा. त्यात हुकमांखाली लांडराटची सही छापलेली असते. सहीआधी ‘इ. फा.’ ही आद्याक्षरं असली तर ती सही बदली माणसाची. त्या नावाला लांडराटांच्या यादीत घुसवू नका. जुन्या छापील अक्षरांत लांब ‘स’ हा ‘फ’सारखा दिसतो, त्यामुळे आडनावं हमखास चुकतात, शंका आली की तेच नाव रोमन अक्षरात छापलेल्या दुसऱ्या यादीत शोधा. सेवेची मूळ कागदपत्रं हवी असतील तर बर्लिन-डालेमच्या प्रशियन गुप्त राज्य अभिलेखागारात गृहखात्याचा संग्रह आहे. ‘गुप्त’ हे नावापुरतं, वाचकांना तो खुला आहे.

प्रशियाबाहेर गेलात तर शब्द बदलतात

बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात) हेच काम करणारा अधिकारी १९३९ पूर्वी ‘बेत्सिर्क्सआम्टमान’ होता. वुर्टेमबेर्गमध्ये ‘ओबरआम्टमान’, तिथे लांडराट ही पदवी १९२८ पासून. साक्सनमध्ये (म्हणजे सॅक्सनीत) ‘आम्ट्सहाउप्टमान’. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बायर्नमध्ये ‘लांडराट’ ही व्यक्तीच नव्हती, ती विभागाची प्रतिनिधी सभा होती. आणि तिथला तेव्हाचा ‘क्राइस’ म्हणजे आख्खा विभाग. १८५० च्या बायर्नमधल्या कुणाला ‘लांडराटचा सदस्य’ म्हटलं असेल तर तो अधिकारी नव्हे, प्रतिनिधी. स्वित्झर्लंडच्या उरी किंवा निडवाल्डेनमध्ये तर आजही लांडराट म्हणजे कँटनची (स्विस राज्याची) विधानसभा.

‘क्राइसरिख्टर’ हा आणखी एक चकवा. हा क्राइसचा प्रशासक नाही, १८७९ पूर्वीच्या प्रशियातल्या क्राइस-न्यायालयाचा न्यायाधीश आहे. १ ऑक्टोबर १८७९ ला न्यायालयांची नावं देशभर बदलली आणि तो ‘आम्ट्सरिख्टर’ झाला. दोन पदांमध्ये ही तारीख असेल तर बदली झालीच असं नाही. पाटी बदललेली असू शकते.

गावांची नावं दुहेरी तपासा. ब्रोमबेर्ग आज पोलंडमधलं बिडगोश्च, क्योनिग्सबेर्ग आज रशियातलं कालिनिनग्राड. गूबेनच्या मधून १९४५ नंतर सीमाच गेली. नोयश्टाट नावाचा क्राइस पश्चिम प्रशियात होता आणि वरच्या सायलेशियातही. जुनं नाव ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे आजचं नाव सांगा.

विसावं शतक: इथे हात आखडता नको

१९३३ ते १९४५ ही नाझी राजवटीची वर्षं चरित्रकार एका ओळीत उरकतात. तुम्ही उरकू नका. १९३३ नंतर ‘प्रभारी लांडराट’ नेमला गेला असेल तर आधीचा कुठे गेला हे शोधा. १९३९ नंतर ‘पूर्वेकडे सेवा’ एवढंच लिहिलेलं असेल तर नेमकी जागा आणि पद काढा: व्याप्त पोलंडच्या ‘जनरल गव्हर्नमेंट’मध्ये क्राइसच्या प्रमुखाला ‘क्राइसहाउप्टमान’ म्हणत, जर्मनीत सामील केलेल्या भागात लांडराटच. त्या खुर्च्यांवरून ज्यूंचे हक्क, घरं आणि जीव हिरावण्याचं काम झालं. ‘प्रशासकीय सेवा’ हा शब्द तिथे वस्तुस्थिती झाकतो. उलट उदाहरणही आहे आणि तेही सरळ नाही: फ्रिट्स-डिटलोफ फॉन डेर शुलेनबुर्ग हे नाझी पक्षात १९३२ पासून, फिशहाउझेनचे लांडराट, आणि हिटलरविरोधी २० जुलैच्या कटात सामील असल्याबद्दल १० ऑगस्ट १९४४ ला फाशी गेलेले. दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

१९४५ नंतर ब्रिटिशांनी आपल्या क्षेत्रात कारभार दुभंगला. नॉर्डराइन-वेस्टफालन आणि नीडरसाक्सनमध्ये ‘लांडराट’ हा सभेने निवडलेला मानद अध्यक्ष झाला. कचेरी चालवणारा पगारी, बहुधा कायदा शिकलेला माणूस ‘ओबरक्राइसडिरेक्टोर’. ही दुहेरी रचना १९९० च्या दशकात मोडायला घेतली. त्यामुळे १९७५ चा वेस्टफालनचा लांडराट शेतकरी किंवा शिक्षक निघाला तर नोंद चुकीची नाही. तुम्ही ज्याला शोधताय तो शेजारच्या खोलीत बसलाय. पूर्व जर्मनीत १९५२ नंतर लांडराट हे पदच नव्हतं, ते १९९० मध्ये परत आलं.

आजचा लांडराट

आज जर्मनीत २९४ ग्रामीण जिल्हे आहेत. नॉर्डराइन-वेस्टफालन आणि श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये त्यांना ‘क्राइस’ म्हणतात, इतरत्र ‘लांडक्राइस’. बहुतेक राज्यांत लांडराट थेट मतदारांकडून निवडला जातो. बायर्नमध्ये सहा वर्षांसाठी, नॉर्डराइन-वेस्टफालनमध्ये पाच. बाडेन-वुर्टेमबेर्गमध्ये मात्र क्राइसटाग निवडतो, आठ वर्षांसाठी. म्हणून आजच्या लांडराटबद्दल ‘नियुक्ती झाली’ लिहू नका, ‘निवडून आले’ लिहा. आणि पक्ष व निवडणुकीचं वर्ष द्या, कलेक्टरच्या नोंदीत जे लागत नाही ते इथे लागतं.

कायद्याचं शिक्षण आता सक्तीचं नाही, तरी युरिस्ट भरपूर आहेत. त्यांची वाट अशी: पहिली परीक्षा (त्यात सरकारी भाग ७० टक्के, विद्यापीठाचा ३०), दोन वर्षांचं रेफरेंडारियाट (उमेदवारी), दुसरी सरकारी परीक्षा. दोन्ही झाले की माणूस ‘फोलयुरिस्ट’, म्हणजे न्यायाधीशही होऊ शकणारा. त्यानंतर कुणी खरोखर वकिली करतो आणि मग निवडणूक लढवतो. हा झाला अक्षरशः वकिलाचा जिल्हाप्रमुख, आणि इथे ‘वकील’ हा शब्द हक्काने वापरा. पण क्रियापदाचा काळ सांभाळा: मुदतीपुरता सरकारी अधिकारी झालेल्याला त्या काळात वकिली करता येत नाही, म्हणून ‘वकील आहेत’ नव्हे, ‘निवडून येण्यापूर्वी वकिली करत’.

मराठी वाक्य कसं बांधावं

समजा सोडवून झालेली (नमुन्यादाखल रचलेली) माहिती अशी: १८८० पहिली परीक्षा, १८८२ प्रशासनात, १८८५ आसेसोर, १८८८ प्रभारी लांडराट, १८८९ कायम, १८९९ त्सु. डि. तर ‘वकील व जिल्हाधिकारी’ सोडून असं लिहा:

‘अमुक हे प्रशियाच्या सेवेतील कायदा शिकलेले प्रशासक होते. १८८० मध्ये पहिली सरकारी परीक्षा दिल्यावर दोन वर्षं न्यायालयात उमेदवारी करून ते १८८२ मध्ये प्रशासनात आले. १८८५ मध्ये आसेसोर झाल्यावर १८८८ पासून प्रभारी आणि १८८९ पासून कायम लांडराट (क्राइसचे प्रमुख) म्हणून त्यांनी तमुक क्राइसचा कारभार पाहिला. १८९९ मध्ये त्यांना तात्पुरत्या निवृत्तीवर पाठवण्यात आलं.’

‘लांडराट’ला कंसातला अर्थ पहिल्या वेळी एकदाच, नंतर शब्द तसाच. वर्गवारी करताना ‘जर्मन वकील’ हा वर्ग काढून टाका, नाहीतर पुढचा भाषांतरकार तोच वर्ग बघून पुन्हा काळा कोट चढवेल.